साइटवरचं स्टोअर आणि आगीचे नियम: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात रिडेव्हलपमेंटच्या एका साइटवर इंजिनिअर आहे. खाली तळघर, वर अकरा मजले. आरसीसी उरकलंय, फिनिशिंग जोरात चालू आहे. आमचे सेफ्टी ऑफिसर नोकरी सोडून गेले, त्यामुळे नवा माणूस येईपर्यंत स्टोअर आणि 'ते फायरचं काय असेल ते' माझ्या गळ्यात पडलंय.

तळघराची अवस्था सांगतो. रॅम्पखाली पेंटरचे डबे आणि एनसी थिनरचे (रंग पातळ करायचा, चटकन पेटणारा द्रव) कॅन. त्याला लागून सुताराचं प्लाय, सनमायका, रबर अ‍ॅडेसिव्ह. पलीकडे खांबाशी गॅस कटिंगचे सिलिंडर, ऑक्सिजन उभे आणि डीए (म्हणजे अ‍ॅसिटिलीन, कटिंगचा इंधन गॅस) चक्क आडवे. डिझेलचे बॅरल आहेतच. लिफ्टवाल्यांचे थर्माकोल-पुठ्ठ्याचे खोके लिफ्टच्या डक्टच्या तोंडाशी रचलेत आणि वर चौथ्या मजल्यावर त्याच डक्टमध्ये ब्रॅकेटचं वेल्डिंग चालतं. परवा माझ्यासमोर एक लालबुंद थेंब खोक्यावर पडला, पुठ्ठ्याला वाटाण्याएवढं भोक पाडून विझला. मुकादम म्हणतो, "साहेब, हे रोजचंच आहे."

फायर एक्स्टिंग्विशर आहेत, पण सगळे साइट ऑफिसच्या दाराशी ओळीने. पाहुण्यांना दिसावेत म्हणून असावेत बहुधा.

थिनर-डिझेल किती ठेवता येतं? सिलिंडरमध्ये अंतर किती हवं? जागा नाही, तर साइड मार्जिनमध्ये (इमारतीच्या बाजूला सोडलेल्या मोकळ्या जागेत) ताडपत्री टाकून सामान हलवू का? वरचे लोक म्हणतात, "नियम दाखव, मग खर्चाचं बघू." त्यामुळे आकडे मिळाले तर बरं होईल.

ओळंबा:
बाकी सगळं उद्या केलंत तरी चालेल, डक्टचं आजच करा. खोके उचला आणि ते हलेपर्यंत वेल्डिंग बंद. पुन्हा सुरू कराल तेव्हा वेल्डरच्या खाली डक्टमध्ये पत्रा किंवा फायर ब्लँकेट टाकून ठिणग्या अडवा. हॉट वर्क परमिट (वेल्डिंग-कटिंगसारख्या ठिणगीच्या कामाची लेखी परवानगी) रोजच्या रोज काढा, त्या जागेपुरतं आणि त्या दिवसापुरतं. महिनाभराचं एकदम सही करून ठेवलेलं परमिट म्हणजे रद्दी. काम संपल्यावरही एक माणूस तिथेच बसवा. ठिणगी भुशात किंवा पुठ्ठ्यात आत धुमसत राहते आणि वेल्डर जेवायला गेला की पेट घेते.

आता वरच्यांना दाखवायचे आकडे. पेट्रोलियम कायदा 1934 प्रमाणे 23 अंश सेल्सिअसखाली फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते ते) असलेला माल 'अ' वर्गात येतो. विक्रीसाठी नसेल तर एकूण 30 लिटरपर्यंत परवाना लागत नाही. तुमच्या थिनरची डेटाशीट मागवा आणि फ्लॅश पॉइंट 23 च्या खाली असेल तर 'अ' वर्ग धरूनच चाला. डिझेल 'ब' वर्गात. तिथे 2,500 लिटरपर्यंत सूट आहे, पण कुठलंही भांडं 1,000 लिटरपेक्षा मोठं नको.

परवाना लागत नाही म्हणून तळघरात ठेवू नका. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि तळघरातून तिला बाहेर पडायला वाटच नसते. पार पलीकडच्या टोकाला स्विच टाकला तरी ती पेटायला पुरतं. खरं तर थिनर साठवायचंच कशाला? पेंटरला दिवसाचं लागेल तेवढंच आणायला सांगा.

साइड मार्जिनला हात लावू नका. अग्निशमनची गाडी तिथूनच आत येणार आहे.

मस्कतचा मराठी:
सिलिंडरबद्दल. आमच्या प्रोजेक्टवर अमेरिकेच्या ओशाचे (OSHA, तिथली कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) आकडे वापरतात. साठवलेला ऑक्सिजन आणि इंधन गॅस यांत 20 फूट अंतर, नाहीतर मध्ये 5 फूट उंचीची, किमान अर्धा तास आगीत टिकणारी भिंत. विटांची भिंत दुपारपर्यंत उभी राहील, खर्चाचं कारण कुणी सांगू नये.

डीए आडवा कधीच नको. आत अ‍ॅसिटोनमध्ये विरघळलेला गॅस असतो, आडव्या सिलिंडरमधून अ‍ॅसिटोन नळीत येऊ शकतं. आडवे पडलेले आज उभे करा, साखळी लावा आणि लगेच वापरायला घेऊ नका. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल-ग्रीसचा हात लागता कामा नये. दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत नळीतून मागे सिलिंडरकडे जाऊ न देणारं उपकरण) आहेत का तेही बघा.

हॉट वर्कनंतर ओशाप्रमाणे किमान अर्धा तास पहारा लागतो. एनएफपीएच्या (अमेरिकेतली आगीच्या सुरक्षेचे मानक ठरवणारी संस्था) हॉट वर्क मानकाच्या 2019 च्या आवृत्तीत तो एक तासाचा केलाय.

सर्किटराव:
साइट ऑफिससमोरचं प्रदर्शन मोडा. एबीसी पावडरचे एक्स्टिंग्विशर जिथे वेल्डिंग चालतं तिथे आणि स्टोअरच्या दाराबाहेर. आत ठेवलात तर आग लागल्यावर आणायला कोण जाणार? डीबीपाशी (विजेच्या वितरण बोर्डापाशी) सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) एक्स्टिंग्विशर. टेप गुंडाळलेले वायरचे जोड आणि प्लायवर टेकवलेले हॅलोजन दिसले की काढून टाका.

लेव्हलपट्टी:
वरच्यांना कागदच हवा असेल तर नॅशनल बिल्डिंग कोड दाखवा. 15 मीटर आणि त्याहून उंच इमारतीचं बांधकाम चालू असतानाच झालेल्या मजल्यांपर्यंत किमान 100 मिमीचा ड्राय रायझर (एरवी कोरडा असणारा, आगीच्या वेळी पाणी वर चढवायचा उभा पाइप) आणि हायड्रंट आउटलेट (होज जोडायची तोंडं) हवेत. शिवाय प्रत्येक मजल्यावर 2,000 लिटर पाण्याचे ड्रम, दोन बादल्या आणि साइटवर 20,000 लिटरची टाकी. टाकीचं पाणी बांधकामाला वापरलं तरी चालतं, म्हणून ती वेगळी बांधायची गरज नसते. फक्त प्लंबरला ती पूर्ण रिकामी करू देऊ नका. अकरा मजल्यांची तुमची इमारत यात बसतेच.

सुताराकडे जवस तेलाचं पॉलिश चालत असेल तर पुसलेल्या चिंध्या ढिगात टाकू देऊ नका. त्या आपोआप तापून पेट घेतात, ठिणगीही लागत नाही. झाकणाच्या लोखंडी डब्यात पाणी घालून ठेवा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. खोके हलवले, डीए उभे केले. थिनर रोजच्या रोज आणायला पेंटर कुरकुरत होता. बिलावर परमिटचा नंबर नसेल तर बिल पास होणार नाही असं वेल्डरला सांगितलं, ते ऐकून तोही मऊ झाला. भिंतीची मंजुरी बाकी आहे, पण ओशाचा आकडा आणि बिल्डिंग कोडचा उतारा ईमेलने पाठवलाय, आता नाही म्हणायचं असेल तर लेखी म्हणावं लागेल.

एक राहिलंच. काही कामगार पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येच राहतात आणि पाच किलोच्या गॅसवर, कधी शटरिंगच्या फळकुटांवर रांधतात. हाकलून दिलं तर जाणार कुठे?

ओळंबा:
हाकलू नका. इमारतीपासून आणि स्टोअरपासून लांब पत्र्याची शेड टाकून द्या, रांधणं तिथेच, गॅसही तिथेच. फळकुटांना शटरिंग ऑइल लागलेलं असतं, ती चुलीत घालायची नाहीत, भंगारवाल्याला द्या. आणि राहायची सोय इमारतीबाहेर करायला ठेकेदाराला पत्र द्या. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात साइटवरच्या कामगारांना तात्पुरती राहण्याची जागा आणि स्वयंपाकाची वेगळी सोय देणं मालकावर (म्हणजे कामावर ठेवणाऱ्यावर) होतं; 2025 मध्ये त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहिता 2020 ने घेतली. पत्रात आता लागू असलेल्या संहितेचं नाव घाला.