पुराच्या पहिल्या दोन तासांचं दुकानदाराने आधी ठरवावं की नाही? (चिपळूण)

वाशिष्ठीकाठ
मृग तोंडावर आलाय म्हणून लिहितोय. काहींना राग येईल, तरी लिहितो.

वाशिष्ठी नदीतला गाळ सरकारने काढावा, वरच्या कोळकेवाडी धरणाचं पाणी सांगून सोडावं, हे शंभर टक्के मान्य. पण पाणी गल्लीत शिरल्यावर आधी काय उचलायचं, कोणी उचलायचं, कुठे न्यायचं, हे दुकानदारानेच ठरवून ठेवायला हवं. मी ठरवलं नव्हतं.

२००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती. तिच्या हातभर वर माळा बांधला आणि निर्धास्त झालो. २२ जुलै २०२१ ला पाणी माळ्यावर चढलं. गणपतीसाठी भरलेलं कापड गेलं. पण त्याहून मोठा घाव उधारीच्या वह्यांचा बसला. वह्या, हिशोबाचा संगणक, विम्याचे कागद, सगळं त्याच माळ्यावर! कापड पुन्हा भरता आलं. उधारी कोणाकडे किती, हे आजही नीट जुळत नाही.

विम्याचं ऐका. दुकानात माल २० लाखांचा, बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जासाठी उतरवलेला विमा १२ लाखांचा. नुकसान १० लाखांचं धरलं तर मला वाटलं होतं पूर्ण १० मिळतील. सर्व्हेयर म्हणाला, विमा साठ टक्केच मालाचा आहे, भरपाईही साठ टक्के, म्हणजे ६ लाख. सणाआधी माल वाढतो तेव्हा विम्याची रक्कमही वाढवून घ्यायची असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोका पातळी ७ मीटर. माझं म्हणणं, प्रत्येक दुकानात एक कागद लावा: ५ ला काय करायचं, ७ ला काय करायचं.

पेठमापची सून
दादा, तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं. पण तुमचा कागद मला पटत नाही.

त्या रात्री आमच्याकडे, चिपळूणच्या पेठमापात, आधी वीज गेली, मग फोन गेले. पाणी ५ मीटरवर आहे की ७ वर, हे मला अंधारात कोण सांगणार होतं? घरात मी आणि सासूबाई. त्यांना पोटमाळ्यावर चढवेपर्यंत शिलाईची दोन्ही यंत्रं बुडाली. त्या दोन तासांत मी माणूस उचलू की यंत्र?

वर महाबळेश्वरला ढग रिकामे होत होते, खाली दाभोळच्या खाडीला भरती, पौर्णिमा दोन दिवसांवर. त्यात कोयनेचं वीज करून झालेलं पाणी कोळकेवाडीतून वर्षभर आमच्याच नदीत येतं. वीज राज्याची, पाणी आमच्या उंबऱ्यात. आणि मदत काय, तर दुकानदाराला जास्तीत जास्त ५० हजार. अशा वेळी ‘तुम्ही तयारी केली नव्हती’ असं ऐकलं की जीव जळतो. उद्या हेच वाक्य पंचनाम्याला आलेला माणूसही म्हणेल.

पंचगंगातीर
कोल्हापुरातून लिहितोय. आमच्याकडे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आकडा पोराटोरांना पाठ असतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ३९ झाले की नदीकाठची माणसं सांगायची वाट बघत नाहीत, सामान हलवायला लागतात, जनावरं आधी. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा हेही कमी पडलं, खरं आहे. पण ज्यांनी आकडा बघून हालचाल केली त्यांचं थोडं तरी वाचलं. वाशिष्ठीकाठ यांच्याशी सहमत.

पेठमापची सून
पंचगंगेचं पाणी दिवसादिवसाने चढतं, दादा. आमची नदी सह्याद्रीवरून उतरली की काही तासांत बाजारात असते. तुमचा आकडा इथे तसाच चालायचा नाही. इथे भोंगा हवा, विजेशिवाय वाजणारा.

निवृत्त कारकून
दोघांचंही अर्धं बरोबर आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असावा लागतो आणि दरवर्षी तो तपासावा लागतो. मी ज्या तालुक्याच्या कचेरीत होतो तिथे ‘तपासणे’ म्हणजे मुखपृष्ठावरचं साल बदलणे. एकदा मी यादीतले फोन लावून पाहिले. कितीतरी नंबर बदली होऊन गेलेल्या साहेबांचे निघाले. बोट कुठे, हे लिहिलेलं होतं. ती चालवणार कोण, हे नव्हतं.

२०२१ ला चिपळूणचे एसटी आगारप्रमुख सुमारे ९ लाखांची रोकड घेऊन कित्येक तास बसच्या टपावर बसून राहिले. त्यांच्या निष्ठेला माझा नमस्कार. पण सरकारी पैसा वाचवायला माणसाला जीव टांगणीला लावावा लागतो, याला मी तयारी म्हणणार नाही. दुकानदाराला कागद लावायला सांगण्याआधी प्रत्येक कचेरीने आपली रोकड, दफ्तर आणि जनित्र कुठल्या मजल्यावर आहे ते पाहावं.

वाशिष्ठीकाठ
वहिनी, माणूस आधी, यात वाद नाही. माझा कागद दुकानापुरता होता, राहत्या घराचा विचार मी केलाच नव्हता. ती चूक कबूल.

पण वह्या आजच हलवता येतात, त्याला भोंगा लागत नाही. दर शनिवारी मी हिशोबाची प्रत पेन ड्राइव्हवर घेतो, ती कराडला बहिणीकडे जाते. उधारीच्या पानांचे फोटो मुलीच्या फोनवर पुण्यात. खर्च जवळपास शून्य. आमच्या गल्लीतल्या अकरा दुकानांच्या माळ्यांच्या चाव्या आता वरच्या आळीतल्या एकाच घरी आहेत. भोंग्याचं मात्र काहीच ठरलेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी बसतोय, तुम्ही या.

पेठमापची सून
येते. भोंग्याचं आणि कोळकेवाडीच्या पाण्याची आगाऊ सूचना मिळावी याचं निवेदन मी लिहून आणते. तुमच्या अकराही दुकानांनी आधी त्यावर सही करायची, मग तुमचा कागद मी पेठमापात घरोघरी वाटते.