बडोद्यात रविवारी सायकल राईड सुरू करायचीय, रूट आणि सायकलींचं काय?

दांडियाबाजारकर:
नमस्कार मंडळी. आपलं बडोदं सगळं सपाट, चढ नाही उतार नाही, तरी सायकल म्हणजे शाळेतली पोरं नाहीतर पेपरवाला एवढंच उरलंय. हिवाळ्यात पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, त्यांना लक्ष्मीविलास महाल दाखवला की रिक्षाने घरी, मधलं गाव कोणी बघतच नाही. म्हटलं आपण थोडी मराठी मंडळी मिळून रविवारी सकाळी राईड सुरू करू, गावातल्यांसाठी पण आणि बाहेरून आलेल्यांसाठी पण. रूट कुठला धरावा, सायकली कुठून आणाव्या, आणि आधी महापालिकेकडे सायकल ट्रॅक मागायचा का?

हाफपेडल:
ट्रॅकच्या मागे लागू नका दादा. पट्टा रंगवला की महिन्याभरात त्याच्यावर ॲक्टिवा उभ्या आणि शेजारी पाणीपुरीची लारी, पुण्यात हेच झालं ना. तशी वर इच्छा नाही असं नाही, २०२० च्या केंद्राच्या इंडिया सायकल्स फॉर चेंज स्पर्धेत निवडलेल्या ११ शहरांत बडोदं होतं, सुरत-राजकोटही होते. पण मागायचंच तर रस्ता मागा, रविवारी सकाळी तीन तास गाड्यांना बंद. कोलंबियात बोगोता शहराने १९७४ मध्ये हेच सुरू केलं, आता दर रविवारी करतात, सकाळी ७ ते दुपारी २, शंभरावर किलोमीटर रस्ते सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना मोकळे. लागतं काय, बॅरिकेड आणि चौकाचौकात उभी राहणारी माणसं.

रावपुऱ्याची_सून:
रूट मी सांगते. काळ्या घोड्यापाशी (सयाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा) जमा, सयाजीबाग १८७९ ची, आत एक चक्कर मारा, मग विश्वामित्रीच्या पुलावरून कीर्तिमंदिर (पुलावर मगर दिसली तर पाहुणे खूश, महाल विसरतात). कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकात, चित्रकार नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, गंगावतरण, मीरा, महाभारताचं युद्ध, आणि निम्म्या बडोद्याने ती बघितलेली नाहीत!! पुढे कोठी, रावपुरा, तांबेकर वाडा. वाड्याच्या भिंतींवर कृष्णापासून इंग्रज-मराठा लढाईपर्यंत सगळं रंगवलेलं, तिथे घाई करू नका. मग सूरसागर, न्यायमंदिर, लहेरीपुरा दरवाजा आणि मांडवी, पण मांडवीत सायकल हातात धरूनच चाला, गाय स्कूटर हातगाडी सगळे एकदम अंगावर येतात. नाश्ता शेवटी ठेवा हो, सेव-उसळ खाऊन कोणी पेडल मारत नाही.

पंक्चरकाका:
सुनबाईंचा रूट झकास. आता सायकली. गिअरवाल्या घेऊ नका, या गावात गिअर कुठे वापरणार. सरळ हँडल, चेनकव्हर, मडगार्ड, पुढे टोपली आणि हाताने खाली-वर होणारी सीट, म्हणजे ओढणी अडकत नाही आणि काकू पण बसतात भाचा पण बसतो. ॲपवरच्या भाड्याच्या सायकलींचा मला वाईट अनुभव, एका ठिकाणी डिपॉझिट भरलं, स्टँडवर चार सायकली, दोनमध्ये हवा नाही एकाची सीट गायब, आणि पैसे परत मिळवताना नाकी नऊ आले. पॅरिसने २००७ मध्ये वेलिब ही भाड्याच्या सायकलींची सेवा सुरू केली तेव्हा साधारण दर ३०० मीटरवर स्टँड आणि पहिला अर्धा तास फुकट, म्हणून लोक बसले. स्टेशनबाहेर एकच स्टँड टाकला तर माणूस सायकल परत ठेवणार कुठे? त्यापेक्षा पोळेतल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या सायकलवाल्याशी बोला, रविवारच्या दहा सायकली ठरवून घ्या आणि पंपासकट त्याच्या पोराला सोबत घ्या.
अजून एक, उत्तरायणच्या (संक्रांतीच्या पतंगांच्या) आगेमागे राईड नको म्हणजे नकोच. पतंगाचा दोरा गळ्याला लागतो, स्कूटरवाले हँडलवर तारेची कमान बसवतात, सायकलवर कोण बसवतंय.

हाफपेडल:
काका बरोबर. आणि मार्चनंतर ऊन, त्यामुळे खरे महिने नोव्हेंबर-डिसेंबर आणि फेब्रुवारी एवढेच.

दांडियाबाजारकर:
मग डिसेंबरचा पहिला रविवार धरू, साडेसहा, काळा घोडा. दोऱ्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, जानेवारीच धरून बसलो होतो. काका तुमच्या ओळखीचा सायकलवाला असेल तर मेसेज करा. आणि ताई, कीर्तिमंदिर आणि वाडा एवढ्या सकाळी उघडे नसले तर काय, बाहेरून बघून पुढे जायचं की राईडच उलटी करायची, मांडवीपासून?

रावपुऱ्याची_सून:
उलटी करा, मांडवी पहाटे रिकामी पण असते. वाड्याच्या वेळा मी उद्या भाजी आणायला जाताना विचारून इथे टाकते.