ईसीजी, इको नॉर्मल तरी एलएडीत (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या मोठ्या नळीत) ७०% ब्लॉक कसा?

नाशिककर_७७: बाबा ६१, शुगर आहे. जिना चढला की छातीत आवळतं, दोन मिनिटं टेकलं की थांबतं, गेले काही महिने असंच. ईसीजी नॉर्मल, टूडी इकोत पंपिंग ६०%, त्यामुळे घरात सगळे गॅसच म्हणत होते. अँजिओग्राफीत एलएडी ७०% निघाली आणि बाबा टेबलावर असतानाच आम्हाला विचारलं, स्टेंट टाकू का? आम्ही वेळ मागितला. आता काका रोज फोन करून घाबरवतायत.

बिनसाखरेचा_चहा: इको हृदय पंप कसं करतं ते दाखवतो, नळ्या नाही. आणि बसल्या जागी ७०% ब्लॉकमधूनही पुरेसं रक्त जातं हो, चढताना मागणी वाढली की कमी पडतं, म्हणून आरामात काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. शुगरवाल्यांना तर कधीकधी दुखतच नाही, नुसता दम लागतो.

सातारी_कंदी: चरबी नळीच्या भिंतीत साठते, त्यावरचं पातळ आवरण फाटलं की गुठळी होते आणि अटॅक येतो, अगदी ४०-५०% वाल्या जागीही. स्टेंट एकच जागा उघडतो, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) सगळ्या नळ्यांसाठी असतं म्हणून ते स्टेंट टाकला तरी सुटत नाही. २०२० च्या इस्केमिया ट्रायलमध्ये ५१७९ स्थिर पेशंट होते, मृत्यू आणि अटॅक मिळून बघितलं तर आधी गोळ्यांवर ठेवण्यापेक्षा आधीच स्टेंट-बायपास करण्यात ठोस फायदा दिसला नाही, छातीत दुखणं मात्र जास्त कमी झालं. पण लेफ्ट मेनमध्ये (डावीकडची मूळ नळी, जिच्यातून एलएडी फुटते) मोठा ब्लॉक असलेले त्यात नव्हते, ते बघून घ्या. एफएफआर (ब्लॉकच्या अलीकडे-पलीकडे रक्ताचा दाब मोजायची तपासणी) केलं होतं का विचारा, ०.८० किंवा कमी आलं तर ब्लॉक खरंच रक्त अडवतोय.

गावठी_उपाय: दुधीचा रस द्या, ब्लॉक विरघळतो.

बिनसाखरेचा_चहा: नाही विरघळत, आणि कडू दुधीचा रस विषारी असतो, लोक दगावलेत त्याने. @नाशिककर, सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं की घ्यायची गोळी) लिहून दिली असेल तर बसूनच जिभेखाली ठेवायची, बीपी पडतं. आणि बसल्या बसल्या दुखलं, घाम फुटला तर सेकंड ओपिनियन वगैरे राहू दे, सरळ १०८.

नाशिककर_७७: रिपोर्टमध्ये लेफ्ट मेन नॉर्मल लिहिलंय, एफएफआर केलेलं नाही. अँजिओची सीडी मागून घेतलीय, सोमवारी दुसऱ्या कार्डिऑलॉजिस्टना दाखवतो. गोळ्या चालू आहेत, काकांचे फोनही.