प्रति: काडीने स्केच करताना शाईचे डाग पडतात

वर विचारलंय की झाडाची काडी शाईत बुडवली की पहिल्याच रेषेला थेंब पडतो, त्यावर थोडं. काडी वाळलेलीच घ्या, ओली काडी शाई धरत नाही, आणि बुडवल्यावर बाटलीच्या काठावर निथळून आधी रद्दी कागदावर एक रेघ मारा मग स्केचवर या. त्यापेक्षा सरळ बोरू, म्हणजे नळाची लेखणी, करा ना! नदीकाठी देवनळ (पोकळ दांड्याचं उंच गवत) मिळतो, तिरका छाटायचा, टोकाला मधोमध बारीक चीर द्यायची, ती चीरच शाई धरून ठेवते. चित्रकार व्हॅन गॉगने १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्ल्सला असल्याच बोरूने काय अफाट ड्रॉइंग्ज केलीत, नुसते ठिपके आणि तुटक रेघांत अख्खं शेत!

कडुलिंबाची काडी दातणासारखी ठेचली की मस्त ब्रश होतो. शाई संपत आली की जी खरखरीत, अर्धवट रेघ येते ना ती वाईजवळच्या मेणवलीच्या नदीघाटाच्या काळ्या दगडाला इतकी शोभते की निबने तसं येतच नाही, त्यामुळे लगेच परत बुडवू नका. वॉटरप्रूफ शाई असेल तर बोरू लगेच पुसा, चिरेत वाळली की निघत नाही. आणि खास फाउंटन पेनासाठीची नसेल तर ही शाई फाउंटन पेनात अजिबात भरू नका.