मदत हवी आहे: आईबाबांसाठी क्रूझवर केबिन कुठली घ्यावी?
नमस्कार मंडळी. नागपूरहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज घ्यावं, की सिंगापूरहून ‘जेंटिंग ड्रीम’? पहिलं १९९० चं, सुमारे २११ मीटर लांब. दुसरं २०१६ चं, ३३५ मीटर. लांब जहाज लाटांवर कमी हलतं, आणि आईला घाटातसुद्धा मळमळतं. म्हणून खालचा डेक (मजला), जहाजाच्या मधोमध, एवढं पक्कं. पुढच्या टोकाला खालीवर झोके जास्त, मागे इंजिनाची थरथर. स्विमिंग पूल असलेल्या डेकच्या थेट खालची खोलीही नको. पहाटे खुर्च्या ओढल्याची खरखर छतातून उतरते. ‘गॅरंटी’ केबिन स्वस्त, पण नंबर कंपनी ठरवते, म्हणून बाद. अडलंय ते खिडकी की बाल्कनी यावर. बाल्कन्या बहुतेक वरच्या डेकवर, तिथं डोलणं वाढतं. बाबांचे गुडघे दुखतात, लिफ्ट जवळ हवी. कुणी गेलं असेल तर केबिन नंबरासकट सांगा ना.