एकट्या मुख्यमंत्र्यानं राज्य चालतं का?

कोयनाकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलं, "मुख्यमंत्री खमका असला की झालं, बाकीचे मंत्री नुसत्या खुर्च्या अडवतात." वाचून राहवलं नाही. राज्यघटनेच्या कलम १६४ प्रमाणे अख्खं मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं, एकटा मुख्यमंत्री नाही. २०२२ मध्ये ३० जून ते ९ ऑगस्ट राज्यात दोघांचंच मंत्रिमंडळ होतं. ऐन पावसाळ्यात शेतकऱ्यानं विचारावं तर स्वतंत्र कृषिमंत्रीच नाही!

वऱ्हाडी: ते मीच लिहिलं होतं, आजही तेच म्हणतो. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५, सलग ११ वर्षं मुख्यमंत्री. ७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. हाताला घट्टे पडले, पण घरची चूल पेटली. त्या कामावरच्या सुकडीची चव अजून जिभेवर आहे. बैठका घेत बसले असते तर आम्ही जगलो असतो का?

कोयनाकाठ: आईंना नमस्कार. पण रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, ते विधान परिषदेचे सभापती होते. आणि कायदा १९७७ चा. तेव्हा नाईक पदावर नव्हते.

वऱ्हाडी: सुचली पाग्यांना, कबूल. पण नाईक पाठीशी उभे राहिले नसते तर कागदावरच राहिली असती.

बांधावरून: तुमचं चालू द्या. माझ्या सातबाऱ्यावर वडिलांच्या नावातला एक काना गेला, त्यापायी पीककर्ज अडलं. तलाठ्याकडे तीन वर्षं हेलपाटे. शेवटी मंत्रालय गाठलं, रांगेत उभं राहून पास काढला, सहाव्या मजल्यावर अर्ज दिला. तो अर्ज जिल्हाधिकारी, तहसीलदार करत करत त्याच तलाठ्याच्या टेबलावर आला. मला म्हणाला, "वर कशाला गेलात?"

वऱ्हाडी: म्हणूनच वर खमका माणूस लागतो. धाक नाही राहिला.

निवृत्त महसूल: ऊठसूट तलाठ्याला झोडपू नका. एकेकाच्या गळ्यात चार-चार गावं असतात. लेखनप्रमाद, म्हणजे लिहिताना झालेली चूक, जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त होतो आणि तो अधिकार तहसीलदाराचा. तलाठ्याच्या हातात काही नसतं.

बांधावरून: मग हे एक वाक्य तीन वर्षांत सांगायला त्याच्या तोंडाला कुलूप होतं का? तीन पेरण्या सावकाराच्या पैशावर केल्यात मी!

निवृत्त महसूल: सांगायला हवं होतं. तिथे चूक आमच्याच माणसाची.

कोयनाकाठ: बघा, काना तहसीलदाराच्या सहीनं बसणार होता आणि माणूस मुंबईला गेला. मुख्यमंत्र्यानं अर्ज गोळा करू नयेत. महसूलमंत्र्याला समोर बसवून विचारावं, कुठल्या तालुक्यात किती दुरुस्त्या पडून आहेत. ते त्याचं काम.

वऱ्हाडी: विचारायला तरी खमकाच लागेल ना? दोघांच्या मंत्रिमंडळाचं तुमचं खरं, तेवढंच मानतो. नाईकांबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही.

बांधावरून: कलम १५५ चा अर्ज साध्या कागदावर चालतो का? सोमवारी तहसीलला जातोय.