कुडाच्या भिंतीचा गिलावा टिकत नाही, काय चुकत असावे?

प्रश्न : मुरबाडकर

मुरबाड तालुक्यातील आमच्या शेतावर अवजारे ठेवण्यासाठी गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः दहा फूट बाय आठ फुटांची कुडाची खोली उभारली. मेढी (आधाराचे खांब) ऐनाच्या लाकडाच्या आहेत, कूड म्हणजे भिंतीचा विणलेला सांगाडा बांबूच्या कामट्यांचा आहे आणि खाचरातील काळी माती शेणात कालवून तो दोन्ही बाजूंनी लिंपला आहे. आठ दिवसांत गिलाव्याला बोट शिरेल एवढ्या भेगा पडल्या. पुढे जुलैत पश्चिमेकडची भिंत गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत धुऊन गेली आणि आतल्या कामट्या उघड्या पडल्या. आमच्या आजीचे घर याच गावात होते, कुडाचेच होते, आणि त्याची भिंत अशी सुटलेली मला आठवत नाही. सगळे जण सिमेंटचा गिलावा करण्याचा सल्ला देतात, पण माझे मन त्याला तयार होत नाही. मातीत काय मिसळावे आणि कामट्यांऐवजी कारवी या रानझुडपाच्या काठ्या वापराव्यात का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : जोते

आपल्या भिंतीत दोन वेगळे दोष आहेत. भेगा मातीमुळे पडल्या आणि धूप पाण्यामुळे झाली, त्यामुळे एकाच उपायाने दोन्ही सुटणार नाहीत.

काळ्या मातीतील चिकण भाग पाणी प्यायला की फुगतो आणि वाळला की आकसतो. उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात, त्याच आपल्या भिंतीला पडल्या. तांबडी माती मिळाली तर उत्तम, न मिळाल्यास याच मातीत रेती वाढवावी. किती वाढवावी हे मातीच सांगते. काचेच्या बरणीत एक भाग माती आणि दोन भाग पाणी घालून खूप हलवावे आणि बरणी दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवावी. रेती मिनिटभरात तळाला बसते, तिच्यावर गाळ आणि सर्वांत वर चिकण माती. हा वरचा थर जाड असेल तर रेती भरपूर लागेल. त्यानंतर भिंतीवर फूटभराचे तीन चौकोन करून एका भाग मातीला एक, दोन आणि तीन भाग रेती असे तीन नमुने लावावेत आणि वाळल्यावर ज्याला भेग नाही व ज्याची माती हाताला सुटत नाही, तो निवडावा.

गाऱ्यात, म्हणजे कालवलेल्या मातीत, बोटभर लांबीचा चिरलेला पेंढा किंवा भाताचा तूस आणि शेण घालून तो पायांनी तुडवावा, तीन-चार दिवस भिजत ठेवावा आणि रोज पुन्हा तुडवावा. मुरलेला गारा हाताला लोण्यासारखा लागतो आणि कामट्यांच्या फटींत शिरून पलीकडे गाठ धरतो. ही गाठच गिलाव्याला धरून ठेवते. पहिला थर पूर्ण वाळू द्यावा, त्याला बारीक भेगा पडल्या तरी चालतील, कारण त्यावर भिंत ओली करून दिलेला दुसरा पातळ थर त्या भरून काढतो.

आता पाण्याचे. गुडघ्यापर्यंतच धूप झाली, याचा अर्थ पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून भिंतीवर उडते आहे. दगडाचे जोते दीड फूट तरी उंच हवे, छप्पर भिंतीच्या बाहेर अडीच फूट हवे, आणि पश्चिमेच्या बाजूला पावसाळ्यापुरती झावळ्यांची झड (पावसाचा मारा अडवणारा आडोसा) बांधावी. आजींच्या घराला अशी झड असे का, हे घरात विचारून पाहावे. माझ्या मते उत्तर तिथेच मिळेल.

प्रतिसाद : रानवाट

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. सिमेंट मात्र लावू नका. कूड थोडासा हलतो, सिमेंट हलत नाही, म्हणून त्याचे पापुद्रे सुटतात आणि आत शिरलेली ओल बाहेर न पडल्याने कामट्या आतूनच कुजतात.

कारवी सरळ, हलकी आणि कुडासाठी अगदी जातिवंत आहे. ती साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून वाळते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली होती. पण ती जंगलातली वनस्पती असल्याने वनविभागाच्या परवानगीशिवाय तोडू नये, मग ती वाळलेली का असेना. बांबूचे तसे नाही. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे बांधावरचा बांबू हाच आपल्यासाठी सोयीचा आहे. तीन वर्षांवरील बांबू पावसाळा संपल्यावर थंडीत तोडावा आणि काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा. त्यातील पिष्टमय अंश कमी झाला की भुगा पाडणारी कीड फारशी लागत नाही.

मुरबाडकर

दोघांचेही मनापासून आभार. बरणी काल भरून ठेवली होती. आज चिकण मातीचा थर निम्म्याहून जाड दिसतो आहे. आईला विचारले, तर आजी मृगाआधीच पश्चिमेला पेंढ्याची झड बांधून घेत असे आणि दिवाळीत भिंत नव्याने लिंपत असे. तीन चौकोन उद्या लावतो आणि वाळल्यावर येथे कळवतो.